पॅकार्डच्या कधीच न बनलेल्या गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड असलेल्या आपल्या मराठी मंडळींकडून मला गेली काही वर्षं हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. दर वेळी तेच उत्तर टाइप करण्यापेक्षा म्हटलं सगळं एका ठिकाणी लिहून ठेवू. विषय मुख्यतः एकच आहे, १९५७ सालासाठी पॅकार्डने आखलेल्या आणि कारखान्यातून कधीच बाहेर न पडलेल्या गाड्या. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना घोळ होणार नाही: या गाड्या डिझाईन फसलं म्हणून मेल्या नाहीत. डिझाईन तयार होतं, माणसं तयार होती, डाय (पत्रा दाबून भाग बनवायचे पोलादी साचे) कापायला पैसे नव्हते, बस एवढंच.

पॅकार्ड म्हणजे ती कॉम्प्युटर-प्रिंटरवाली कंपनी का?

नाही, तिचा या पॅकार्डशी काही संबंध नाही. ही पॅकार्ड १८९९ साली ओहायोतल्या वॉरन गावात जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि विल्यम डाउड पॅकार्ड या दोन भावांनी सुरू केली. जेम्सने एक विंटन गाडी घेतली होती, ती सारखी बिघडायची, तो तक्रार घेऊन गेला तर विंटनसाहेब म्हणाले एवढं कळतं तर स्वतःच बनव, आणि याने खरंच बनवली, अशी गोष्ट सांगतात. १९०३ ला कंपनी डेट्रॉईटला आली आणि पुढची तीसेक वर्षं अमेरिकेत श्रीमंतांची गाडी म्हणजे पॅकार्ड हे समीकरणच होतं. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग शपथविधीला मोटारीतून गेले (त्याआधीचे बहुतेक घोड्याच्या बग्गीतून जायचे), ती मोटार पॅकार्ड ट्विन सिक्स होती, म्हणजे बारा सिलिंडरची. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गॅरेजमध्येही पॅकार्ड असायच्याच. व्हिंटेज रॅलीत एखादी दिसली तर पुढच्या जाळीचा आकार बघा, वरच्या बाजूला बैलाच्या जूसारखा बाक असतो, ती पॅकार्डची ओळख.

मग एवढी मोठी कंपनी बुडाली कशी?

याला एकच कारण नाही, आणि जो एकच कारण सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मंदीत तगून राहायला त्यांनी १९३५ मध्ये वन ट्वेंटी नावाची स्वस्त गाडी काढली, तिने कंपनी वाचवली पण 'फक्त बड्या लोकांची गाडी' हा मान हळूहळू कॅडिलॅककडे गेला. युद्धात पॅकार्डने रोल्स-रॉईसची मर्लिन विमान-इंजिनं लायसन्सवर बनवली, पंचावन्न हजारांच्या वर, हातात बरा पैसा होता. पण युद्धानंतर जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायसलर हे तिघे दर दोन-तीन वर्षांनी नवी बॉडी आणायला लागले आणि पॅकार्डला तो वेग परवडेना.

१९५२ मध्ये जेम्स नान्स प्रेसिडेंट झाले. ते आले हॉटपॉइंट या घरगुती उपकरणांच्या कंपनीतून, विक्रीतला जबरदस्त माणूस. त्यांना नीट दिसत होतं की एकट्याने हे जमणार नाही. नॅश कंपनीचे जॉर्ज मेसन यांच्या डोक्यात चार छोट्या कंपन्या एकत्र करायचं होतं, नॅश, हडसन, पॅकार्ड आणि स्टुडबेकर. नॅश-हडसन एकत्र आले आणि १ मे १९५४ ला अमेरिकन मोटर्स झाली, पॅकार्डने १ ऑक्टोबर १९५४ ला स्टुडबेकर घेतली, आणि त्यानंतर आठवड्याभरात मेसन वारले. त्यांच्या जागी जॉर्ज रॉम्नी आले, त्यांना पुढच्या विलीनीकरणात रस नव्हता. झालं, अर्धं लग्न लागलं आणि अर्धं राहिलं. त्यात स्टुडबेकरचे हिशोब आतून बघितल्यावर कळलं की त्यांना ना नफा ना तोटा व्हायला वर्षाला सुमारे २ लाख ८२ हजार गाड्या विकाव्या लागतात, आणि खप त्याच्या जवळपासही नव्हता. व्यवहार होण्याआधी हे हिशोब नीट तपासले गेले नाहीत. मला पॅकार्डच्या अख्ख्या इतिहासात सगळ्यात जास्त हळहळ या एका गोष्टीची वाटते.

१९५७ च्या पॅकार्डमध्ये नेमकं काय असणार होतं?

हा खरा प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

प्लॅन असा होता की आतला सांगाडा एकच करायचा आणि त्यावर पॅकार्ड, क्लिपर (पॅकार्डचीच थोडी स्वस्त गाडी) आणि स्टुडबेकर अशा तिन्ही गाड्या उभ्या करायच्या, तीन वेगवेगळ्या लांबीच्या. काचा, दारांच्या आतली चौकट, छताचा काही भाग कॉमन, बाहेरचा पत्रा प्रत्येकाचा वेगळा. जनरल मोटर्सवाले हे वर्षानुवर्षं करत होते, आणि आज तुमच्या-आमच्या दारातल्या निम्म्या गाड्या अशाच बनतात, एकाच प्लॅटफॉर्मवर दोन-तीन कंपन्यांचे बिल्ले. म्हणजे कल्पना अगदी व्यवहारी होती, हवेतला इमला नव्हता.

पॅकार्डचं तोंड कसं असेल तर मधोमध उभी, अरुंद जाळी, जुन्या पॅकार्डची आठवण देणारी, पण बाकी सगळी गाडी बसकी, रुंद आणि सपाट रेषांची. सस्पेन्शन टॉर्शन-लेव्हल नावाचं, जे १९५५ च्या पॅकार्डमध्ये आलं होतंच. ही भानगड मला फार आवडते म्हणून सांगतो. नेहमीच्या स्प्रिंगऐवजी पुढच्या चाकापासून त्याच बाजूच्या मागच्या चाकापर्यंत एक लांबलचक पोलादी दांडा, पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की दांडा पिळला जातो आणि तो पीळ मागच्या चाकाकडे पोचतो, त्यामुळे गाडी डुलत नाही, जवळजवळ सपाट जाते. शिवाय डिकीत सामान भरलं आणि मागचा भाग बसला की काही सेकंद थांबून एक इलेक्ट्रिक मोटर आपोआप गाडी समतल करायची. काही सेकंद थांबायचं कारण असं की नाहीतर प्रत्येक खड्ड्याला मोटर चालू झाली असती. विल्यम अ‍ॅलिसन नावाच्या इंजिनिअरचं हे काम.

इंजिनात १९५५ चं नवं व्ही-८ होतं, आणि पुढे परत एकदा व्ही-१२ करता येईल का याचाही विचार चालू होता.

डिझाईन कोणी केलं?

स्टायलिंगची धुरा रिचर्ड टीग यांच्याकडे होती, सगळे त्यांना डिक टीग म्हणायचे, त्यांच्या वर विल्यम श्मिट होते. टीग लहान असताना मोटार अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. एका डोळ्याने खोली नीट कळत नाही आणि मोटारीचं डिझाईन म्हणजे तर सगळा खोलीचा, वळणांचा, सावल्यांचा खेळ. तरी हा माणूस आयुष्यभर गाड्याच काढत राहिला. १९५५ च्या पॅकार्डचे ते चर्चच्या खिडकीसारखे उभे टेललॅम्प त्यांचेच, म्हणजे १९५१ ची जुनी बॉडी तशीच ठेवून तिला नवं रूप देण्याची करामत त्यांनी केली.

पॅकार्ड संपल्यावर ते आधी क्रायसलरला आणि मग अमेरिकन मोटर्समध्ये गेले आणि तिथे डिझाईनचे प्रमुख झाले. जॅव्हलिन, ग्रेमलिन, पेसर या गाड्या त्यांच्या कारकिर्दीतल्या. पैसे कमी आणि कल्पना जास्त, ही कसरत त्यांना पॅकार्डनेच शिकवली असं मला वाटतं.

प्रेडिक्टर म्हणजेच १९५७ ची पॅकार्ड का?

नाही, आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. प्रेडिक्टर ही शोसाठी बनवलेली एकुलती एक गाडी, जानेवारी १९५६ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये दाखवली. ती विक्रीला येणार नव्हती. पण १९५७ च्या गाडीच्या रेषा, ती उभी जाळी, सपाट बाजू, हे सगळं तिच्यात भडक करून दाखवलं होतं. लोकांना, डीलरांना आणि मुख्य म्हणजे कर्ज देणाऱ्यांना सांगायचं होतं की बघा, आमच्याकडे उद्या आहे.

बनवली इटलीत, तुरिनच्या घिया कारखान्यात, कारण तिथे हाताने पत्रा ठोकणारे कारागीर अव्वल आणि खर्च डेट्रॉईटपेक्षा कमी. क्रायसलरही आपल्या शो-गाड्या तिथेच करून घ्यायची. त्यांची नॉर्समन नावाची गाडी जुलै १९५६ मध्ये आंद्रेआ डोरिया जहाजावरून अमेरिकेला येत होती आणि जहाजाबरोबर अटलांटिकच्या तळाशी गेली. प्रेडिक्टर सुखरूप पोचली, हे आपलं नशीब.

प्रेडिक्टरमध्ये काय विशेष होतं?

मी ती प्रत्यक्ष पाहिली आहे, इंडियानातल्या साउथ बेंडच्या संग्रहालयात, त्यामुळे यावर मी जरा जास्तच बोलतो. पांढरी गाडी, एवढी बसकी की शेजारी उभं राहिलं की छत छातीशी येतं. हेडलाईट दिसत नाहीत, झाकणाआड लपलेले. मागची काच उलटी कललेली, म्हणजे वरचा भाग मागे आणि खालचा पुढे, आणि ती खाली उतरते, म्हणजे मागून वारा. पण सगळ्यात भारी छत. एवढ्या बसक्या गाडीत शिरताना डोकं आपटणार, मग यांनी काय केलं तर दार उघडलं की त्या बाजूचा छताचा तुकडा मधल्या पट्टीकडे सरकून जातो, जुन्या सरकत्या झाकणाच्या लिहायच्या टेबलासारखा, आणि पुढची सीट बाहेरच्या बाजूला वळते. माणसाने सरळ उभं राहून वळायचं, बसायचं आणि गाडीत फिरून जायचं, अंग चोरावं लागत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला आमच्या गाडीत बसवताना मी दर वेळी एक हात तिच्या डोक्यावर धरतो आणि दर वेळी मला ते छत आठवतं. १९५६ मध्ये हे कोणीतरी विचार करून ठेवलं होतं हो.

फोर्डच्या एडसेल गाडीने प्रेडिक्टरची जाळी चोरली हे खरं का?

दिसायला साम्य आहे, मधोमध उभी जाळी दोन्हीकडे. पण तारखा बघा. फोर्डच्या बड्या साहेबांसमोर एडसेलचं मातीचं मॉडेल ऑगस्ट १९५५ मध्ये ठेवलं होतं आणि प्रेडिक्टर जगाला दिसली जानेवारी १९५६ मध्ये. त्यामुळे चोरीचा आरोप मला पटत नाही. दोघांनाही इतरांच्या आडव्या जाळ्यांपेक्षा वेगळं दिसायचं होतं, एवढंच.

ब्लॅक बेस काय प्रकार होता?

क्ले मॉडेल म्हणजे मातीचं, त्याला चालवता येत नाही. रस्त्यावर यंत्रं तपासायला जी गाडी लागते तिला म्यूल म्हणतात, खेचर. १९५७ च्या पॅकार्डची अशी एक चालणारी गाडी बनली होती, काळी, तिचं नाव ब्लॅक बेस. सुंदर वगैरे अजिबात नव्हती. हाताने ठोकलेला पत्रा, पण आत पुढच्या सालची पॅकार्ड, खरीखुरी, इंजिन टाकलेली, फिरणारी.

१९५६ मध्ये सगळं आवरायचं ठरलं तेव्हा ती गॅस कटरने कापून टाकली. हुकूम होता, कापली. आपल्याकडे भंगारवाल्याकडे टेम्पो कापताना पाहिलाय ना, आधी छताचे खांब, मग ठिणग्या, मग एक बाजू धपकन खाली, मला ते डोळ्यासमोर येतं आणि खरंच वाईट वाटतं. त्या प्लॅनची चाकांवर उभी असलेली एक वस्तू होती, ती ठेवायला एक गाळा पुरला असता.

१९५७ च्या डाय कुठे गेल्या? रशियाला विकल्या का?

कुठेच गेल्या नाहीत, कारण त्या कापल्याच नव्हत्या. हा मुद्दा नीट समजून घ्या, अख्खी गोष्ट यात आहे. गाडीचं एक दार म्हणजे पोलादाचा पत्रा प्रेसखाली दाबून बनतो आणि त्या प्रेसमध्ये वर-खाली दोन अवाढव्य साचे लागतात, त्या डाय. दार, बॉनेट, मडगार्ड, छत, डिकी, प्रत्येकाच्या डाय वेगळ्या, आणि एकेका भागाला एकाहून जास्त टप्पे. चित्र काढायला एक माणूस आणि पेन्सिल लागते, क्ले मॉडेलला पाच-दहा माणसं आणि काही आठवडे, पण टूलिंगला, म्हणजे हे साचे बनवायला, कोट्यवधी डॉलर लागतात आणि ते पहिली गाडी विकायच्या आधी ओतावे लागतात. नान्सना साधारण ५ कोटी डॉलर हवे होते. ते मोठमोठ्या विमा कंपन्यांकडे गेले, त्यांनी ताळेबंद बघितला आणि नाही म्हटलं.

रशियाची गोष्ट वेगळी आहे आणि जुनी आहे. स्टालिनच्या काळातली झिस-११० ही गाडी युद्धाआधीच्या पॅकार्डसारखी दिसते, त्यावरून अमेरिकेने पॅकार्डच्या डाय रशियाला दिल्या असं पसरलं. पण दोन्ही गाड्यांचे भाग मापात जुळत नाहीत. नक्कल केली, साचे स्वतःचे बनवले, असंच जाणकार मानतात. १९५७ शी याचा संबंध शून्य.

डीलर होते, नाव होतं, तर दुसऱ्या कोणाची बॉडी वापरता आली नसती का?

विचार झाला होता. फोर्डच्या लिंकन गाडीची बॉडी घेऊन तिला पॅकार्डचं रूप द्यायचं, यासाठी टीगनी स्केचेस पण केली, फोर्डशी जमलं नाही. पुढे फ्रान्सच्या फासेल व्हेगा गाड्यांना पॅकार्डचा बिल्ला लावून विकायची कल्पना निघाली, तीही बारगळली, कारण तोवर स्टुडबेकर-पॅकार्ड अमेरिकेत मर्सिडीज विकत होती आणि मर्सिडीजवाल्यांना आपल्याच विक्रेत्याकडे प्रतिस्पर्धी नको होता.

१९५५-५६ च्या गाड्या चांगल्या होत्या म्हणता, मग खपल्या का नाहीत?

१९५५ ला बऱ्या खपल्या, पॅकार्ड आणि क्लिपर मिळून पंचावन्न हजारांच्या आसपास. पण त्याच सुमारास एक मोठा घोळ झाला. पॅकार्डच्या बॉड्या ब्रिग्ज नावाची कंपनी बनवायची, तो धंदा १९५३ च्या शेवटी क्रायसलरने विकत घेतला. म्हणजे आपला पुरवठादार प्रतिस्पर्ध्याच्या हातात. मग घाईघाईने पॅकार्डने कॉनर अ‍ॅव्हेन्यूवरचा ब्रिग्जचा कारखाना घेतला आणि ईस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या आपल्या मोठ्या जुन्या कारखान्यातून जुळणी तिथे हलवली. जागा अपुरी, नवं इंजिन, नवं सस्पेन्शन, सगळं एकाच वर्षी, त्यामुळे दर्जा घसरला आणि नव्या यंत्रणेची दुखणी गिऱ्हाइकांना सोसावी लागली. लोकांच्या कानावर कंपनी बुडणार असंही आलं होतं, आणि बुडणाऱ्या कंपनीची महागडी गाडी कोण घेणार, पार्ट कुठून आणणार. १९५६ ला आकडा तीस हजारांच्या आत आला.

मग १९५७ साली पॅकार्ड विकली गेली असं कुठेतरी वाचलं, ते काय?

विकली गेली, पण ती ही नव्हे. २५ जून १९५६ ला डेट्रॉईटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. कर्टिस-राईट या विमान-इंजिन कंपनीने व्यवस्थापन हातात घेतलं, नान्स गेले (नंतर ते फोर्डमध्ये मर्क्युरी-एडसेल-लिंकन बघत होते), आणि १९५७ ची पॅकार्ड क्लिपर म्हणजे साउथ बेंडमध्ये बनलेली स्टुडबेकर प्रेसिडेंट, वर पॅकार्डचे तुकडे चिकटवलेले. लोक तिला पॅकार्डबेकर म्हणतात. मला हे नाव आवडत नाही. ज्यांनी ती तुटपुंज्या पैशात करून दाखवली त्यांनी जमेल तेवढं केलं, पॅकार्डचे टेललॅम्प, डॅशबोर्ड, सुपरचार्जर लावलेलं इंजिन, वाईट गाडी नव्हती ती. पण पॅकार्ड नव्हती. पाच हजारही गेल्या नाहीत, पुढच्या वर्षी तीन हजारांच्या आत, आणि जुलै १९५८ मध्ये नाव संपलं.

जॉन डीलोरियन पॅकार्डमध्ये होता का?

होता. इंजिनिअर म्हणून, १९५६ पर्यंत, मग पॉन्टिअ‍ॅकला गेला. वर उघडणाऱ्या दारांची, त्याच्याच नावाची ती स्टीलची गाडी याच्या पुष्कळ नंतरची.

न बनलेल्यांमध्ये अजून काही आहे का?

शोसाठी एकेकच किंवा दोन-चार बनलेल्या बऱ्याच आहेत. पॅन अमेरिकन, जिच्यातून पुढे विक्रीची कॅरिबियन आली. बाल्बोआ, १९५३ ची, उलट्या मागच्या काचेची कल्पना टीगनी तिच्यात आधीच आणली होती. पँथर, फायबरग्लासची, १९५४. रिक्वेस्ट, १९५५, लोक पत्रं लिहून मागायचे की जुन्या पद्धतीची उभी जाळी परत आणा, म्हणून केलेली. ही शेवटची मला जवळची वाटते, कारण लोकांना काय हवं होतं ते कंपनीला कळत होतं. १९९० च्या दशकात अ‍ॅरिझोनात एका माणसाने नाव घेऊन नव्या व्ही-१२ पॅकार्डचा एक प्रोटोटाईप केला, तोही एकटाच राहिला.

नेटवर '१९५७ पॅकार्ड'चे रंगीत फोटो फिरतात, ते खरे का?

बहुतेक नाहीत. कारखान्यातले खरे फोटो काळे-पांढरे, स्टुडिओच्या फरशीवर उभं क्ले मॉडेल, काचेच्या जागी रंगवलेला भाग, बऱ्याचदा डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी डिझाईन, कारण एकाच मॉडेलवर दोन पर्याय दाखवायची पद्धत होती. कुठे समुद्रकिनारी चकाकणारी गाडी, वर प्रतिबिंबं वगैरे दिसली तर ते आजच्या कुणाचं कॉम्प्युटरवरचं चित्र. छान असतात, पण फॉरवर्ड करताना तसं लिहा ना, नाहीतर दोन वर्षांनी मलाच कोणीतरी तोच फोटो पुरावा म्हणून पाठवतो.

प्रत्यक्ष काय बघता येईल?

डेट्रॉईटचा कारखाना विसरा, अल्बर्ट कान यांनी बांधलेल्या त्या इमारती दशकानुदशकं पडक्या होत्या आणि २०२२ पासून पाडायला घेतल्या. पण डेट्रॉईटजवळच्या शेल्बी टाउनशिपमध्ये पॅकार्डची जुनी चाचणी-मैदानाची जागा जपली आहे, तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना एका दुपारचं काम. ओहायोत वॉरनला आणि डेटनला पॅकार्डची संग्रहालयं आहेत. आणि प्रेडिक्टर इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये, स्टुडबेकर नॅशनल म्युझियममध्ये, शिकागोहून गाडीने दोनेक तासांवर. निघण्याआधी ती सध्या मांडलेली आहे का फोन करून विचारा, कधीकधी दुसरीकडे प्रदर्शनाला जाते. गेलात तर घाईघाईने समोरून फोटो काढून निघू नका, बाजूला जा, जरा वाका आणि छताची ती सरकणारी पट्टी जिथे मधल्या भागाला मिळते तिथली फट बघा.